ग्वाल्हेरची गजक पुण्याला निघाली

गजकच्या कारखान्यात तीळ कुठे जाऊन बसतील त्याचा नेम नसतो. कानात, मोज्यात, डब्याच्या झाकणात! संध्याकाळी घरी येऊन शर्ट झटकला की आई म्हणते, "अर्धा कारखाना घेऊन आलास का रे?" किस्सेही असेच अंगाला चिकटून घरी येतात. माझी अडचण एवढीच, की आमच्या कारखान्याच्या बहुतेक किश्शांत मान खाली घालून उभा असलेला माणूस मीच असतो.

*

आधी थोडी ओळख. बिर्ला नगरात, बंद पडलेल्या मिलच्या मागे आमची शेड आहे. गुळाचा पाक भिंतीवरच्या खुंटीला अडकवून ओढायचा, तो पांढरट झाला की भाजलेल्या तिळात घालायचा आणि चार-पाच जणांनी लाकडी हातोड्यांनी कुटायचा. झाली गजक. पण हा थंडीचा माल. होळी आली की कढई पालथी, आणि कुटणारे, पॅकिंगवाले सगळे घरी. कोणी रिक्षा चालवतो, कोणी मजुरीला जातो. मी नववीत शाळा सोडली तेव्हापासून पॅकिंगला आहे, म्हणजे मीही घरीच.

यंदा सेठजींचे चिरंजीव, अंकित भैया, बाहेरून बिझनेस शिकून आले. आल्या आल्या म्हणाले, "पूरा देश पैकेट फाड़-फाड़ के खा रहा है, और हम टोपी बाज़ार की दुकान में बैठे हैं!"

सेठजींनी विचार केला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला. महाराष्ट्रातून पक्की ऑर्डर आली तर थंड खोली बांधू, कढई बारा महिने चालेल, कोणी घरी जायचं नाही. नाही आली तर होळीला नेहमीसारखं राम राम.

सगळ्यांनी भैयांकडे पाहिलं. भैयांनी माझ्याकडे.

"कदम, तू मराठी है ना?"

"जी."

"तो महाराष्ट्र तेरा!"

सेठजींनी विचारलं, "कभी गया है उधर?"

आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले ते इथलेच झाले. मी खरं ते सांगितलं, "जी, झाँसी तक. बारात में."

काशीराम दादा आमचे मुख्य कुटणारे. ते हातोडा टेकवून म्हणाले, "चलो, रास्ता तो सही पकड़ा है!"

*

महाराष्ट्र इनचार्ज म्हणून मला चाकांची खुर्ची मिळाली. शेडमधली ती एकुलती एक खुर्ची. बाकी सगळे दिवसभर उभे, आणि मी बसणार? मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मी फोनसुद्धा उभ्यानेच करायचो. चार दिवसांत त्या खुर्चीवर कारखान्याची मांजर झोपायला लागली.

भैयांनी ते पाहिलं. मांजरीलाच म्हणाले, "मैडम, आप ही फोन उठा लिया करो!"

*

फोनवर अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की मी नंबर अर्धा दाबून ठेवून देतो. तरी एकदा पुण्याच्या एका दुकानदाराला लावला. भैयांचा हुकूम होता, फोन स्पीकरवर ठेवायचा, म्हणजे सगळ्यांना हिंमत येईल.

"नमस्कार. मी ग्वाल्हेरहून बोलतो. आमच्याकडे गजक बनते. तिळाची, गुळाची..."

"म्हणजे चिक्की!" दुकानदार म्हणाला. "आमच्याकडे भरपूर आहे." आणि फोन ठेवला.

मागे हातोडे थांबले. काशीराम दादांनी आपला हातोडा भिंतीला टेकवला आणि ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

"चिक्की दाँत से टूटती है, कदम. हमारी गजक होंठ से टूटती है. जब तक वो आदमी माफ़ी नहीं माँगेगा, मैं नहीं कूटूँगा."

पाक थंड होत चाललेला. भैयांनी मला डोळ्यांनीच खुणावलं. मी पुन्हा फोन लावला आणि ज्याला आयुष्यात कधी पाहिलं नाही अशा माणसाला म्हटलं, "साहेब, गजक घेऊ नका, चालेल. फक्त एकदा सॉरी म्हणता का?"

पलीकडून आवाज आला, "बरं. कोणाला म्हणायचं?"

मी फोन घेऊन ओट्यावर गेलो. दुकानदार सॉरी म्हणाला. दादांनी ऐकून घेतलं, हातोडा उचलला आणि म्हणाले, "आदमी शरीफ़ है. ऑर्डर क्यों नहीं ली इससे?"

*

मग भैया म्हणाले, फोन सोड, व्हिडिओ करू. लग्नाच्या बँडवाल्याकडून फेटा आणला, माझ्या हातात गजकची थाळी दिली. मला फक्त म्हणायचं होतं, "नमस्कार मंडळी, ग्वाल्हेरची खुसखुशीत गजक खाऊन पाहा!"

समोर मोबाईल, मोबाईलच्या मागे सगळा कारखाना. माझे ओठ हलेनात. शेवटी भैयांनी मागे सनई लावली आणि मला नुसतं हसायला सांगितलं. तेही नीट जमलं नाही.

ऑर्डर आली नाही, पण व्हिडिओ दर्पण कॉलनीतल्या जोशी काकूंपर्यंत पोचला. त्या आईला हळदीकुंकवाला भेटल्या. प्रेमाने हात धरून म्हणाल्या, "मुलगा दिसायला छान आहे हो तुमचा. हे बोलता न येणं जन्मापासून आहे का?"

*

एक ऑर्डर मात्र आली होती. ठाण्याची, नमुन्यापुरती. कारखान्यात पेढे वाटले. पॅकिंग मी स्वतः केलं, आणि ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत करतो तसंच केलं, साध्या कागदात. तिकडची हवा दमट असते हे मला कोण सांगणार? मी तर झाँसीपर्यंतच गेलेलो!

पंधरवड्याने त्या दुकानदाराचा फोन आला. "अहो, खोक्यातली सगळी गजक मिळून एक वीट झालीय. कागद कुठला आणि गजक कुठली, कळत नाही. कुऱ्हाड पण पाठवायची होतीत!"

स्पीकर चालूच होता. पॅकिंगच्या बाया खाली बघायला लागल्या. त्यांच्या घरची उन्हाळ्यातली चूल माझ्या कागदात चिकटून बसली होती. मला वाटलं, आता दादा काहीतरी जबरदस्त बोलणार.

दादांनी एवढंच विचारलं, "चिक्की तो नहीं बोला ना?"

*

शेवटी पुण्याच्या काही दुकानांची खरेदी बघणाऱ्या एक मॅडम फोनवर म्हणाल्या, "मी दिल्लीला जाणारच आहे, वाटेत उतरून कारखाना बघते." होळी अगदी तोंडावर आली होती. यानंतर कोणाला विचारणार, असं कोणीच उरलं नव्हतं.

इथे आमच्या कुटाईची रीत सांगायला हवी. कुटताना दर घावाला कोणाचं तरी नाव घेतात, ज्याच्यावर राग असेल त्याचं. मेहुण्याचं, घरमालकाचं, वीजबिलवाल्याचं. राग खरा असेल तर घाव खोल बसतो आणि गजक खुसखुशीत होते. सेठजींना हे पक्कं ठाऊक. माल नरम आला की ते शेडमध्ये येऊन उगाच कोणावर तरी खेकसतात आणि निघून जातात. पुढचा घाणा हमखास कुरकुरीत!

पण भैयांनी बजावलं, "मेहमान के सामने कोई नाम-वाम नहीं. शांति से कूटना."

मॅडम आल्या. सगळे धुतलेल्या ॲप्रनमध्ये, डोक्याला टोप्या. शांतीने कुटलं. देवळात आल्यासारखं.

मॅडमनी तुकडा मोडायला घेतला. तो मोडला नाही, वाकला. त्यांनी तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिल्या.

"चव चांगली आहे," त्या मला म्हणाल्या. "पण फोनवर तुम्ही म्हणाला होतात, ओठाने फुटते."

मॅडमनी पर्स खांद्याला लावली. दादांनी टोपी काढून हातात घेतली, होळीला निरोप घेताना घेतात तशी.

तेवढ्यात सेठजी ओरडले, "रुको! एक घान और. और नाम लेके कूटो!"

"किसका, सेठजी?"

"मेरा ही ले लो!"

कोणी हलेना. दादा म्हणाले, "आपके मुँह पर कैसे लें? लिहाज़ भी कोई चीज़ है." मग त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. ती माझ्यावर थांबली. "कदम का ले लें?"

मला दादांची कीव आली. मी जन्मात कोणावर आवाज चढवलेला नाही. माझ्या नावात कसला जोर असणार? मी म्हटलंसुद्धा, "लीजिए ना, दादा."

"कदम!" धप्प!

"कदम!" धप्प!

पत्र्यावरची कबुतरं उडाली. कुटणारे असे कुटत होते, की मी त्यांना इतक्या वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. पॅकिंगच्या बाया कधी हातोड्याला शिवत नाहीत. त्या पदर खोचून पुढे आल्या. "कदम!" अंकित भैया टाय खांद्यावर टाकून मध्ये घुसले. "कदम!" आणि सेठजी, ज्यांना डॉक्टरने वजन उचलायला मना केलंय, तेही म्हणाले, "ज़रा एक मुझे भी मारने दो."

मॅडमनी नवा तुकडा ओठांत धरला. तो आवाज न करता भुगा होऊन विरघळला. त्यांनी डोळे मिटले.

"अस्साच माल मला हवा," त्या म्हणाल्या. "बाराही महिने."

शेडमध्ये एकच आरडाओरडा झाला. दादा टोपीने डोळे पुसत होते. मला मान वर करता येईना.

मॅडम माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "कदम म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"काय केलंत हो तुम्ही या लोकांचं?"