स्ट्रेचरवरचे आमदार

गणूचा फोन आला तेव्हा मी नागावला आमच्या वाडीत वाळत घातलेली सुपारी उलटत होते. गणू म्हणजे आमच्या रुग्णालयाच्या रुग्णवाहिकेचा चालक. माझ्या नोकरीची शेवटची बारा वर्षं त्याच्या गाडीच्या भोंग्यावर गेली. म्हणाला, "सिस्टर, दादा गेले. अकरा मिनिटांत पोचलो मी... अकरा मिनिटांत. तरी न्हाय झालं काही." दादा म्हणजे यशवंत मांडवकर, आमचे माजी आमदार. दुपारी जेवून आडवे झाले आणि झोपेतच हृदय थांबलं. आता खरं सांगते, लाज वाटली तरी सांगते. रडू यायच्या आधी माझ्या मनात आलं, अकरा मिनिटं! त्याच वाटेला पूर्वी पाऊण तास लागायचा. हा आकडा ऐकून सगळ्यात जास्त हरखलं कोण असतं, तर दादाच.

त्यांची माझी पहिली भेट झाली तीच मुळी स्ट्रेचरवर. तळा गावाच्या पुढे, खाडीच्या अंगाला आमचं ग्रामीण रुग्णालय. मे महिन्याची दुपार होती, ओपीडी उरकत आली होती. तेवढ्यात "साप चावला, साप चावला" असा ओरडा करत चारपाच माणसांनी एकाला आत आणलं. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, दाढीचे खुंट वाढलेले, घामाने निथळणारा पन्नाशीचा माणूस. मी नाडी धरली, पाय तपासला. दंशाची खूण काही सापडेना, पण माणूस जीव जाईल असा कण्हत होता. लस काढायला धावले तर औषधांच्या फ्रिजला कुलूप! चावी औषध देणाऱ्या गृहस्थांच्या खिशात, आणि ते जेवायला घरी गेलेले. शिपायाला पिटाळलं. मी सलाइन लावायच्या तयारीत उभी, देवाचा धावा करत... आणि पेशंट टुणकन उठून बसला. मनगटावरचं घड्याळ बघून म्हणाला, "सिस्टर, सव्वीस मिनिटं झाली. मी मेलो."

तोवर डॉक्टर आले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक. "अहो सिस्टर, हे आपले नवे आमदार!" पोस्टरवर फेटा बांधलेल्या, मिशा रंगवलेल्या माणसाचा आणि समोरच्या या ध्यानाचा काही मेळ बसेना. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. म्हटलं, "आमदार असाल नाहीतर कलेक्टर! बाहेर तापाने फणफणलेली माणसं ताटकळलीत, आणि तुम्ही इथे सोंगं करताय?" डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. दादा मात्र स्ट्रेचरवरून उतरले, चादरीची नीट घडी घातली आणि हात जोडले. "चुकलं. पुढच्या वेळी आधी कळवीन. पण एक विचारू? चावी दुपारी जेवायला का जाते?"

मग तोच प्रश्न त्यांनी विधानसभेत विचारला. राज्यातल्या रुग्णालयांतल्या फ्रिजच्या चाव्या रात्रंदिवस कोणाकडे असतात, एवढाच. सभागृह हसलं म्हणे. विरोधकांनी त्यांना 'चावीवाले आमदार' केलं, प्रचारात पुठ्ठ्याची हातभर चावी नाचवली. पण पाठपुरावा करकरून त्यांनी परिपत्रक काढायला लावलंच, आणि कामावर असलेल्या परिचारिकेच्या कमरेला एक चावी आली. आमच्याकडे ती माझ्या कमरेला आली. मी वहीत नोंद करून, सही करून घेतली तेव्हा कोणी मला सोन्याचा कमरपट्टा दिला असता तरी इतकी मिरवले नसते.

हा माणूस राजकारणात यायच्या आधी बावीस वर्षं एसटी स्टँडवर गाड्या सोडायचा, तोंडापुढे माइक धरून. सगळं वेडाचं मूळ तिथे. "गाडीला उशीर झाला की लोक माझ्या खिडकीशी येऊन भांडायचे," ते सांगत. "आजारी माणसाला भांडायचं तरी त्राण असतं का? त्याच्या वतीने मी भांडतो." आणि भांडायचे तरी कसे, तर स्वतः पेशंट होऊन! कधी दरडीखाली सापडलेला कामगार, कधी बुडालेला पोहणारा. एका डोंगरावरच्या वाडीत तर पोटाला उशी बांधून ते अडलेली बाई झाले. चार गडी त्यांना डोलीत घालून खाली निघाले आणि अर्ध्या वाटेत ओढ्यावरच्या अरुंद साकवावर डोली अडकली. पुढे सरकेना की मागे. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. डोलीत आडवे पडलेले आमदार मात्र खालून ओरडत होते, "हसा नंतर! आधी फूटपट्टी आणा, साकव मोजा!" साकव रुंद झाला. पण तालुक्यात कुजबुज चालायची ती चालायचीच. आमदार रस्ते करायचे सोडून नाटकं करतो.

त्या नाटकांतूनच एक यादी तयार झाली. वादळाचा इशारा आला तर कोणाला आधी हलवायचं? नववा महिना लागलेल्या बायका, इन्सुलिनवरची माणसं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी. दर महिन्याला गावोगावच्या आशाताई नावं बदलायच्या आणि एक प्रत माझ्याकडे यायची. एका जूनमध्ये खरोखरच चक्रीवादळाचा इशारा आला आणि दोन दिवस आधी आम्ही त्या यादीवर बोट ठेवून गाड्या सोडल्या. सगळ्या बायका रुग्णालयात आल्या. एकच राहिली, खाडीकाठची सुनंदा. तिची सासू, हिराआजी, दारात आडवी उभी. शेवटी दादा मला घेऊन स्वतः गेले.

"याच खोलीत माझी चार बाळंतपणं झाली," आजी म्हणाली. "वारा काय आज आलाय व्हय? न्हाय पाठवत मी."

दादा ओटीवर बसले, पाणी मागून प्यायले. "बरोबर आहे तुमचं. मग असं करा, तुम्हीच चला. तिथे इतक्या बायका आल्यात, पण अनुभवाचं माणूस एक नाही."

आजीने माझ्याकडे नजर टाकली. "आन् ही कोन?"

"ही सिस्टर. हिला काही येत नाही."

आजीने गाठोडं बांधलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी वादळ आलं. ते नुसतं आलं नाही, अंगावर चालून आलं! मागच्या पडवीचे पत्रे उडून आवारातल्या आंब्यात जाऊन अडकले, फोन मुके झाले, दोन्हीकडचे रस्ते झाडांनी बंद. समोरच्या मोठ्या दाराची कडी उखडली, तेव्हा दादा आणि गणू दाराला पाठ लावून उभे राहिले. आणि नेमकी तेव्हाच सुनंदा अडली. बाळ बाहेर आलं, रडलं, पण आईचं रक्त थांबेना. डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन!" दिवे जनरेटरवर, डिझेल आदल्याच सरावात भरून ठेवलेलं. इंजेक्शन फ्रिजमध्ये आणि चावी माझ्या कमरेला. मी कुलूप काढलं, धावत परत आले. हिराआजीने सुनेचं डोकं मांडीवर घट्ट धरलं होतं. "डोळं मिटू नको गो, माझ्याकडं बघ," एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. ते काही क्षण मला आजही मोजता येत नाहीत. मग हळूहळू रक्त थांबलं. सुनंदाने पाणी मागितलं.

मी बाहेर आले ती पळतच. "दोघी सुखरूप! मुलगी!" दादांना दार सोडता येत नव्हतं. वाऱ्याच्या त्या गर्जनेत, दाराला चिकटलेल्या त्या माणसाने मान वर केली आणि जुन्या स्टँडच्या आवाजात घोषणा केली, "प्रवाशांनी लक्ष द्यावं! मुलगी आलेली आहे, दोन वाजून दहा मिनिटांनी!" सगळा व्हरांडा ओरडला. मी तर नाचलेच, ॲप्रनसकट.

रस्ते मोकळे झाल्यावर आजीला घरी सोडायला गेले. ज्या खोलीत चार बाळंतपणं झाली होती, तिच्यावर माड आडवा पडला होता आणि भिंत आत आली होती. आजी माझ्या दंडाला धरून म्हणाली, "येतं गो तुला थोडंफार."

तरीही पुढच्या निवडणुकीत दादा पडले. मला फार लागलं ते. मी चिडून बोलले तर हसले. "जे घडलंच नाही त्याची आठवण लोकांनी कशी ठेवायची, सिस्टर?" आणि पुढच्याच सोमवारी रुग्णालयाच्या पायरीवर हजर. "आता अधिवेशन नाही, वेळच वेळ आहे. आज कशाने मरू?"

त्यांच्या तेराव्यानंतर दहाएक दिवसांनी मी तळा गावाजवळ त्यांच्या घरी वहिनींना, दादांच्या पत्नीला, भेटायला गेले. पावसाने नुकतीच सुरुवात केली होती. खिडकीत दादांचा मोबाइल, ज्यावर वाड्यावाड्यांतून अडल्यानडल्याचे फोन यायचे, चार्जिंगला लावलेला दिसला. "मुलगा म्हणतो नंबर बंद करू," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, राहू दे पावसाळाभर." त्यांनी हे म्हणायला आणि फोन वाजायला एकच गाठ पडली. वहिनींनी तो स्पीकरवर टाकला. डोंगराकडच्या आदिवासीवाडीतली बाई होती. वीटभट्टीचं काम संपवून ती माणसं कालच परतली होती. इथलं काही तिच्या कानावर नव्हतं. "दादा हायत का? माज्या नवऱ्याला साप चावलाय..."

वहिनींचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "दादा बाहेर गेलेत. मी सांगते ते कर. त्याला चालवू नको. पाय हलू देऊ नको. दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, भगताकडे न्यायचं नाही. खाट उचला आणि डांबरी रस्त्याला या." त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली, आणि तोवर मी माझ्या फोनवरून गणूला कळवलं होतं, त्याने गाडी सुरूही केली होती. दुसरा फोन मी रुग्णालयात लावला. नवी परिचारिका म्हणाली, "लस काढून ठेवते, मॅडम." मग आम्ही दोघी खिडकीशी बसून राहिलो. चहा कोणी केला नाही.

फोन पुन्हा वाजला. मागे माणसांचा कलकलाट, गणूचा चढा आवाज आणि त्या बाईचं धापा टाकत हसणं. "पोचलो! सुई लागली. बोलतोय तो... दादांना सांगा हां!"

"सांगते," वहिनी म्हणाल्या.