नवाबाच्या मागे आलेली मोटार

वराळ्याचा कोंडाजी बारा महिने चिडलेला असायचा. लोक म्हणत, स्वभावच तसा. खोटं आहे. कोंडाजी सव्वीस सालापासून चिडलेला होता आणि त्याला कारण होतं.

आमच्या मावळात घाट दोन. एक मुंबईकडे उतरणारा बोरघाट. दुसरा म्हणजे जत्रेत ज्या चढावर बैलगाडे पळवतात तो. गावातला माणूस नुसता घाट म्हणाला की दुसराच समजायचा. लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांना मात्र दुसरा घाट असतो हेच ठाऊक नाही. हवा खायला येतात, हवा खाऊन जातात.

तर सव्वीस सालच्या जत्रेत लोणावळ्याचा एक गोरा साहेब आपली शर्यतीची विलायती मोटार घेऊन वराळ्याच्या घाटात उतरला. हिरवी, लांब नाकाची, बिनटपाची. बैलांबरोबर लावतो म्हणाला. कोंडाजीनं नवाब आणि सरदार ही जोडी जुंपली. मोटारीची चाकं मुरमात जागच्या जागी फिरली, साहेब धुरळ्यानं भगवा झाला, आणि जोडी निशाणापार गेली. सगळ्या गावानं पाहिलं. पण फेटा बांधला साहेबाला. पाटील म्हणाला, "सरकारचा मानूस हाय. पयला म्हनायचं आन्‌ सोडायचं."

कोंडाजीनं सोडलं नाही. लग्नात, मयतीत, चावडीवर, जिथं पाटील तिथं तो विचारायचा, "पयलं कोन आलं?" पाटील पान थुंकायला उठायचा. पुढं दोन्ही बैल म्हातारे होऊन गेले, तरी प्रश्न तोच.

अडतीस साली ती मोटार मुंबईच्या बॅरिस्टर विजयकरांनी घेतली. मोटारवाल्यांच्या क्लबात त्यांच्या दोस्तांनी टोमणा मारला, की हिनं कधी शर्यत पाहिली तरी आहे का? साहेबाच्या जुन्या बटलरनं सांगितलं, घाटात पळाली होती, वराळ्याच्या कोंडाजीला विचारा. झालं. बॅरिस्टर इतिहास शोधायला वराळ्यात हजर. मी शेतसाऱ्याच्या सभेसाठी गावात होतो, कोंडाजीच्याच ओट्यावर बसलो होतो.

"ही गाडी घाटात पळाली होती?"

"व्हय. ह्या डोळ्यानं बघितलीय."

"पहिली आली?"

"पाटलाला इचारा तर पयली. मला इचारा तर नवाब पयला."

बॅरिस्टर सावरून बसले. "नवाब? ते इथं आले होते?"

"आमच्याकडंच असायचा. आमच्या अंबूबाईच्या हातचं खायाचा. दुसऱ्या कुनाच्या हातचं तोंडात घ्यायचा न्हाई."

"वा. इतका मोठा माणूस, आणि काय साधेपणा. दिसायला कसे होते?"

"पांढरा फेक. डोळं काजळ घातल्यागत. मान अशी धरायचा की बघत ऱ्हावं. पर लय तापट. साहेबाला बघितला आन्‌ फुरफुराय लागला."

"स्वाभिमानी," बॅरिस्टर म्हणाले आणि लिहून घेतलं.

मला खोकला आला. सांगावं वाटलं. पण हेच बॅरिस्टर आमच्या सभेला 'अडाण्यांचा गोंगाट' म्हणाले होते. शिकलेल्या माणसाला मी अडाण्यानं कशाला शिकवावं? मी खोकून गप्प बसलो.

महिन्याभरात मोटारीच्या नाकावर इंग्रजीत कोरलेली पितळी पाटी बसली आणि बॅरिस्टरांच्या लोणावळ्याच्या बंगल्यावर पाहुणे जमले. साक्षीदार म्हणून कोंडाजीला बोलावलं. वाचून दाखवायला तो मला घेऊन गेला. पाटीवर होतं: बोरघाटाची शर्यत, १९२६. प्रथम नवाबसाहेब. द्वितीय ही मोटार.

कोंडाजीचा चेहरा फुलला आणि लगेच लाल झाला.

"सरदार कुटाय?"

"कोण सरदार?" बॅरिस्टरांनी विचारलं.

"एकट्या नवाबाच्यानं काय झालं असतं? सरदार बरूबर व्हता. खांद्याला खांदा लावून आले दोगं. एकाचं नाव लिवायचं आन्‌ दुसऱ्याचं खायाचं, ही कंची रीत?"

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी इचारलं न्हाई."

पाहुण्यांत कुजबूज झाली. नवाब आणि सरदार, एकाच शर्यतीत, खांद्याला खांदा. एका बाईंनी मोटारीवरून हात फिरवला. बॅरिस्टरांची छाती फुगली. पाटी बदलली. मोटार दुसरीवरून तिसरी झाली आणि तिचा मान दुप्पट झाला. हरावं तर असं, बड्यांच्या मागे.

परत येताना मी कोंडाजीला म्हणालो, "भाऊ, त्यांना वाटलं नवाब-सरदार ही माणसं आहेत."

कार्ल्याच्या फाट्यावर तो थांबला. मग म्हणाला, "म्हंजी त्या बंगल्यात माझ्या बैलाला साहेब म्हनत्यात?"

"म्हणतात."

"म्हनू द्या."

दुसऱ्या दिवशी मी चावडीवर सगळ्यांदेखत सांगितलं, की लोणावळ्यात पितळेवर मोटार तिसरी लिहिली आहे. पाटलानं मान वर केली.

"इंग्रजीत?"

"इंग्रजीत."

"साहेबलोकांनीच लिवलंय?"

"बॅरिस्टरनं."

साऱ्या गावाच्या डोळ्यांवर विश्वास न ठेवणारा हा माणूस, न पाहिलेल्या पितळेला शरण गेला. पाटील म्हणाला, "पितळंवर हाय म्हंजी मोटार तिसरीच. नवाब-सरदार पयले."

कोंडाजी उठून पाटलासमोर जाऊन बसला. "पाटील, पितळ ऱ्हाऊ द्या तितंच. त्या दिवशी तुमी हितं व्हता. तुमी काय बघितलं त्ये सांगा."

पाटलानं इकडं तिकडं पाहिलं. पान तोंडात नव्हतं, थुंकायला उठता येईना.

"तुजी जोडी पयली आली," तो म्हणाला. "मोटार लय मागं व्हती."

कोंडाजी घरी गेला. त्याची बायको अंबूबाई भात पाखडत होती. त्यानं पाटलाचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. ती सूप न थांबवता म्हणाली, "आता तरी जेवताना दुसरं कायतरी बोला."