कललेला ळ

पेंटर कुठल्याही गोष्टीकडं आधी एक डोळा मिटून बघायचे. उजवा मिटलेला, डावा उघडा. दुकानाची पाटी असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची फळी असो, नाहीतर मुलीला बघायला आलेला पाहुणा. ईट गावाहून आलेलं एक स्थळ त्या नजरेनं असं बिचकलं की चहा न घेताच उठलं, असं आमच्या कळंबमध्ये सांगतात. खरंखोटं मला माहीत नाही. पेंटरांना विचारलं तर म्हणायचे, "एकाच डोळ्यानं बघावं, डॉक्टर. दोन डोळे एकमेकाला सांभाळून घेतेत."

मी डॉक्टर नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. नंबर तपासतो, भिंग बसवतो, तुटलेली काडी जोडून देतो. हे मी पेंटरांना दहादा सांगितलं असेल. "डोळ्याचं बघतो त्यो डॉक्टर," असं म्हणून ते विषय संपवायचे. पुढं पुढं मीही सांगायचं सोडलं. चारचौघांत कोणी डॉक्टर म्हटलं तर कुणाला वाईट वाटतं?

दुकानातला अक्षरांचा तक्ता त्यांनीच रंगवलेला. वर एक मोठं अक्षर आणि खाली बारीक होत जाणाऱ्या ओळी. फ्लेक्स आल्यापासून त्यांच्याकडं ट्रॉल्या आणि शाळांच्या भिंती एवढंच काम उरलं होतं, पण तक्त्यासाठी दोन दिवस शिडीवर बसून राहिले. पाचव्या ओळीतला 'ळ' जरा उजवीकडं कलला. मला तो कधी दिसलाच नसता. पेंटर मात्र दुकानात आले की एक डोळा मिटून त्याच्याकडं बघायचे आणि उभा तळहात किंचित उजवीकडं कलवायचे. "कललाय. येतो एखाद दिवशी, सरळ करतो." तो दिवस काही आला नाही. तक्ता अजून आहे, पेंटर नाहीत.

एकदा भरदुपारी ते ब्रश हातात घेऊनच दुकानात आले. तेर गावातल्या एका शाळेची भिंत रंगवून एसटीनं परतले होते.

"डॉक्टर, डाव्या डोळ्याची लाइट गेली व्हती."

"म्हणजे?"

"शटर खाली वढल्यागत. वरून अंधार आला. दोन मिन्टात परत उजाडलं. उजवा डोळा मिटला व्हता म्हणून कळलं, न्हाय तर कळलं बी नसतं."

मी त्यांना खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावला. सगळ्या ओळी धडधड वाचल्या, वर 'ळ' कललाय हेही सांगितलं. डोळा ठणठणीत. मी म्हणालो, "उन्हात काम करता, डोळ्यांवर ताण येतो. नंबर थोडा बदललाय, नवीन चष्मा करू." नंबर पाव बदलला होता. पावानं कुणाला अंधार येत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं.

महिन्याभरानं परत आले. तसंच शटर, तशीच दोन मिनिटं. शिवाय या वेळी उजव्या हातातून ब्रश गळून पडला होता. "हात माझा न्हायच असं वाटलं बघा," म्हणाले आणि हसले. लातूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा, एवढं वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ते लगेच म्हणाले, "तुमी हायेत की." मी चष्म्याच्या काड्या घट्ट करून दिल्या. ते खूश होऊन गेले.

पंधरा दिवसांनी ते शिडीखाली पडलेले सापडले. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. लातूरच्या डॉक्टरांनी मानेतली डावी नस दाखवली. मेंदूला रक्त नेणारी, आतून चरबी साचून दोऱ्याएवढी उरलेली. त्याच नसेचा एक फाटा डोळ्याला जातो. तिथल्या बारीक गुठळ्या आधी डोळ्यात जात होत्या, नंतरची मोठी मेंदूत गेली. डोळ्यात दोष नव्हताच. हे सगळं मला पेंटरांच्या बायकोनं सांगितलं. आम्ही त्यांना वहिनी म्हणतो. ऐकताना मला काही वाटलं नाही. मी एका गिऱ्हाइकाचं भिंग पुसत होतो, ते पुसत राहिलो. अजूनही नीटसं काही वाटत नाही. दात काढल्यावर गाल असतो तसं आत काहीतरी आहे.

त्यानंतर पेंटर एकदाच दुकानात आले. वहिनींनी त्यांना धरून तक्त्याखालच्या बाकड्यावर बसवलं. नाकावर मी दिलेला चष्मा होता. मी समोर उभा होतो.

"लातूरचे डॉक्टर म्हनले, आदी कळलं असतं तर नस साफ करता आली असती," वहिनी म्हणाल्या. "मला तर ह्यांनी कदी काय सांगितलं न्हाय. तुमच्याकडं लई यायचे. तुमाला काय बोलले व्हते का डोळ्याचं?"

पेंटरांना बोलणं कळत होतं. फक्त बोलता येत नव्हतं.

"नाही," मी म्हणालो. "चष्म्याचा नंबर तेवढा बदलला होता."

पेंटरांनी सावकाश उजवा डोळा मिटला. डाव्यानं माझ्याकडं पाहिलं, बराच वेळ. मग डावा हात उचलून तळहात उभा धरला आणि किंचित उजवीकडं कलवला.

"काय म्हणतेत?" वहिनींनी विचारलं.

"ते अक्षर कललंय म्हणतात," मी म्हणालो.

तक्ता त्यांच्या पाठीमागं होता.