थोरल्या दिरांसारखं लाल

संडासाचं भांडं लाल झालं होतं. नवरा एका हातानं दार धरून दुसऱ्या हातानं मगानं पाणी ओतत होता, मला दिसू नये म्हणून.

"बीट खाल्लं व्हतं," हे म्हणाले.

"घरात बीट कुणी आणलं? ओता, आख्खी टाकी ओता."

"उष्णतेनं उन्हाळी लागली आसंल. ओरडू नको, शेजारी ऐकतील."

"लघवी तुमची लाल, लाज मला का?"

बोलले खरं, पण उन्हाळी हा शब्द माझ्या ओळखीचा होता. गंगापूरला थोरल्या दिरांच्या बाबतीतही सगळे हेच म्हणाले होते. लघवी लाल, दुखत काहीच नव्हतं. जाऊबाईंनी धणे-जिरे भिजवून पाणी दिलं. लघवी साफ झाली. गुण आला म्हणाले. पुन्हा लाल, पुन्हा धणे-जिरे, पुन्हा साफ. शेवटी रक्ताच्या गुठळ्या अडकून लघवीच बंद झाली, तेव्हा इथं आमच्याकडं आणलं. दवाखान्यात कळलं, लघवीच्या पिशवीचा कॅन्सर, पसरलेला. त्यांची धोतरं मी धुतली. ते डाग गेले नाहीत.

यांचंही दुसऱ्या दिवशी साफ झालं.

"बघ, थांबलं. कशाला डॉक्टर?"

"तुमच्या भावाचंही थांबलं व्हतं."

यांनी गुपचूप शर्ट घातला.

डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?"

"अजिबात नाय," हे खुशीत म्हणाले. डॉक्टर काही खूश झाले नाहीत. म्हणाले, मुतखडा किंवा जंतू असले तर बहुतेक वेळा दुखतं, जळजळतं. प्रोस्टेट वाढली तरी रक्त येतं. पण या वयात, त्यात बिडी ओढणाऱ्याला, न दुखता रक्त आलं तर आत बघायलाच हवं. थांबलं असलं तरी.

तपासणीत लघवीत प्रोटीनही निघालं. फेस येतो का, विचारलं. येत होता. मी तो साबणाचा समजून रोज भांडं घासत होते. ते मूत्रपिंडाचं दुखणं निघालं, वेगळंच. कारण जुनं बीपी, आणि गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून आणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या गोळ्या.

नळीतून कॅमेरा घातला. पिशवीत गाठ होती, कॅन्सरचीच, पण लहान. काढली. त्या गोळ्या डॉक्टरांनी बंद केल्या, बिडी मी.

अजून ठरल्या वेळी कॅमेरा घालून बघतात. घरी मी बघते. मी बघण्याआधी पाणी ओतायचं नाही, असं बजावलंय.

"या मॅडम, तपासा," हे संडासातून हाक मारतात.

मी जाते. भांड्यात आधी लालच दिसतं. डोळे मिटून उघडले की पिवळं. कधी दाराला धरून थोरले दीर उभे दिसतात, धोतर सावरत. "थांबलं बाई," म्हणतात. मी पाणी ओतते.

पिशवीचं दुखणं दोघा भावांना एकच झालं. थोरले गेले. हे जिवंत आहेत.