आराम शे

आमचे आबा शहाद्यात बसस्टँडमागे मोटारी भरायचे. म्हणजे विहिरीवरची जळालेली मोटर उघडायची, काळी पडलेली तार काढून टाकायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळून ती पुन्हा जिवंत करायची. केळीवाले शेतकरी तोंड पाडून मोटर घेऊन यायचे. आबा तिचा नुसता वास घ्यायचे आणि म्हणायचे, "भराई जाई." झालं! एवढ्या दोन शब्दांवर माणूस चहा प्यायला निघून जायचा.

मी मात्र शिकलो आणि मराठीचा मास्तर झालो. पोरं निबंधात लिहायची, "आजीला ताप आला होता, आता आराम आहे." मी लाल शाईनं गोल करायचो. अरे बाबांनो, आराम म्हणजे विश्रांती. बरं होणं वेगळं! घरी माझं तोंडही तेच बोलायचं, 'आराम शे', 'आराम पडना', म्हणजे बरं वाटतंय, बरं झालं. पण वर्गात शिरलो की मी मोठा शहाणा. त्या लाल गोलांची आता मला लाज वाटते.

आबांच्या आजारापुढे डॉक्टरांनी शेवटी हात टेकले. त्या दिवशी माय आणि मी समोर उभे होतो. डॉक्टर चांगला माणूस होता, पण बाहेरगावचा. हळू आवाजात म्हणाला, "आता घरी न्या. त्यांना आराम करू द्या."

मला कळलं. आणि माय? तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू! बाहेर आल्या आल्या माझा दंड धरून म्हणाली, "ऐकं का? आराम शे म्हने!" कितीतरी दिवसांनी त्या दुपारी ती पोटभर जेवली. शेजारणीला हाक मारून तिनं तेच सांगितलं. मी मराठीचा मास्तर, शब्दाचा अर्थ सांगायचा पगार घेणारा, मुकाट्यानं भाकरी मोडत बसलो.

इथवर मला कुणी माफ करेल. पुढचं नाही करणार.

बहीण सुरतेला असते. नंदुरबारहून गाडीत बसलं की काही तासांचा रस्ता. संध्याकाळी तिचा फोन आला. "आबाले आराम शे का? मी येवू का रे?" पोरीची परीक्षा चालू होती तिच्या. माय माझ्या तोंडाकडे बघत शेजारीच बसलेली. आबा खाटेवर डोळे मिटून पडलेले.

मी म्हणालो, "आराम शे."

आणि मनात काय म्हणालो सांगू? म्हणालो, खोटं कुठे बोललो? प्रमाण मराठीत बघा, माणूस आरामच करतोय! जन्मभर ज्या भाषेचे मार्क कापले, त्या भाषेत बहिणीला फसवलं आणि दुसरीच्या आड जाऊन लपलो. शेण खाल्लं मी. दुसरा शब्द नाही त्याला.

"मंग मी शनवारे येस," ती म्हणाली. आवाजावरून कळत होतं की तिचा जीव भांड्यात पडला.

आबा गुरुवारी सकाळी गेले.

ती दुपारी पोचली. शनिवारसाठी भरून ठेवलेली पिशवी तशीच उचलून आली होती. आबांच्या पायाशी बसली, रडली, मग माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता थोबाडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तूच सांगेल व्हतं ना, आराम शे?"

"हो, सांगेल व्हतं," मी म्हणालो.

तिनं पिशवीतून कागदात गुंडाळलेल्या चपला काढल्या. मऊ तळाच्या, नव्या कोऱ्या. "आबा चालाले लागतीन म्हनीसन लिन्यात," म्हणाली. आबांच्या तळपायाशी त्या धरून बघितल्या. बोटभर लहान होत्या.

मग तिनं पिशवीत हात घालून पावती शोधली, ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "लहान पडन्यात तर बदली देस म्हने, दुकानवाला."