एरंडेलाचा आळ

माझ्या सासूबाईंवर एक आळ आला आणि तो त्यांच्या शेवटापर्यंत उतरला नाही. मुलानं स्वतःच्या हातानं बनवत आणलेलं विमान आईनं नासवलं, असा तो आळ. त्यांनी ते नासवलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं आणि माझ्या नवऱ्यालाही ठाऊक होतं. जन्मभर मी नवऱ्याला ‘अहो’ म्हटलं. इथं मात्र त्याला ‘तो’ म्हणणार आहे. सासूबाई ‘त्या’च राहतील. एवढा अधिकार मी माझ्या रागाकडून मागून घेतला आहे.

साठ सालानंतरची ती पहिली काही वर्षं. आम्ही कोयनानगरला होतो, धरणाच्या कामावरच्या पत्र्याच्या क्वार्टरमध्ये. त्याआधी तो विमानदलात मिस्त्री होता, लाकडाचे न् कापडाचे पंख दुरुस्त करायचा. तिथून सुटून प्रकल्पाच्या वर्कशॉपात लागला, पण डोक्यातलं विमान काही सुटलं नाही. आपण एक ग्लायडर बनवायचं, म्हणजे इंजिन नसलेलं, दोरानं ओढून वर चढवायचं, एका माणसापुरतं विमान, आणि ते म्हसवडच्या माळावर आपल्या गावासमोर उडवायचं, असं त्यानं ठरवलं होतं. म्हसवड त्याचं गाव. वडील लहानपणीच गेलेले. आईनं बाजरीच्या तुकड्यावर आणि चार शेळ्यांवर त्याला शिकवलेलं.

पंखांच्या फासळ्या त्यानं घरातच बनवल्या. बोटभर जाडीच्या हलक्या पट्ट्या वाकवायच्या, सांध्यावर प्लायवूडची चकती बसवायची आणि दुधाच्या सत्त्वाची पूड पाण्यात कालवून केलेल्या सरसानं ती चिकटवायची. मी केसांना तेल लावलं असेल त्या दिवशी मला जवळही येऊ द्यायचा नाही. तेलाचं बोट लागलं की सरस धरत नाही, म्हणायचा. काम मात्र त्याचं देखणं होतं, ते नाकारून मला काय मिळणार? फासळी हातात घेतली तर वजन कळायचं नाही आणि दाबली तर हलायची नाही.

पण कोयनेचा पाऊस ज्यानं काढलाय त्यालाच तो माहीत. बरणीतल्या मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी पदरात गुंडाळून ठेवावी लागायची, खुंटीवरच्या कोटाला बुरशी चढायची. फासळ्यांवरही काळे ठिपके दिसायला लागले तेव्हा तो घाबरला. या फासळ्या म्हसवडला आईकडं नेऊन ठेवायच्या असं त्यानं ठरवलं. ते बरोबरच होतं. माणदेशावरून ढग नुसते बघत पुढं जातात. तिथल्या धाब्याच्या घरात लाकूड कोरडं ठणठणीत राहिलं असतं.

अक्कल चालली ती तिथपर्यंत. प्रकल्पाचा ट्रक कऱ्हाडला जाणार होता, ड्रायव्हर ओळखीचा होता, आणि बाहेर नुसती धार लागली होती. फासळ्यांना हात लावला तर गार, ओलसर लागत होत्या. मी म्हटलं, निदान रात्रभर चुलीच्या खोलीत टांगून ठेवू या. तर म्हणे ट्रक थांबणार आहे का माझ्यासाठी. ताडपत्रीत फासळ्या गुंडाळल्या, दाभण घेतलं, सुतळीनं गच्च शिवून टाकल्या. असे पाच-सहा गठ्ठे झाले. पाण्याचा थेंब आत शिरणार नाही, असं ड्रायव्हरला अभिमानानं सांगत होता. आत बांधलेलं पाणी बाहेर कुठनं पडणार, हे विमानदलात शिकून आलेल्या माणसाच्या मनाला शिवलं नाही.

कऱ्हाडहून एसटीच्या टपावरनं गठ्ठे म्हसवडला पोचले. आईला तो म्हणाला, “जिवापाड जप. यातल्या एकालाही काही होता कामा नये.” काय होऊ शकतं, कशापासून जपायचं, ते सांगायला त्याला वेळ नव्हता. परतीची गाडी उभी होती.

आता सासूबाईंच्या बाजूनं बघा. म्हसवडात ओल कुठली? प्यायच्या पाण्याची मारामार. तिथं लाकडाचा वैरी म्हणजे वाळवी आणि भुंगा. त्यांनी एक गठ्ठा उसवला, आतल्या लाकडावर काळे ठिपके दिसले, आणि त्या समजल्या की कीड लागली. गव्हाला, तुरीला कीड लागू नये म्हणून एरंडेल चोळायचं, गाडीच्या लाकडालाही तेल पाजायचं, हे त्यांना आईच्या पोटातून ठाऊक. त्यांनी बांधावरच्या एरंडीच्या बिया गोळा केल्या, भाजल्या, कुटल्या, पाण्यात उकळून वरचं तेल काढलं. भर उन्हात चुलीपाशी बसून करायचं हे काम किती जिकिरीचं असतं ते ज्यानं केलंय त्यानं सांगावं. मग एकेक फासळी मांडीवर घेऊन फडक्यानं तेल लावलं. शेवटच्या गठ्ठ्यापर्यंत तेल संपलं, म्हणून तो तसाच शिवलेला ठेवला. पुढच्या बिया आल्या की करू म्हणाल्या.

दिवाळीनंतर आम्ही दोघं गेलो. त्यानं फासळी उचलली, बोट तेलकट झालं, आणि सांधा हातातच सुटला. दुसरी उचलली, तिचाही सुटला. मग त्यानं अंगणात उभं राहून जे तोंड सोडलं ते शेजारच्या धाब्यांवर बायापोरं जमेपर्यंत. माझी सगळी मेहनत बुडवलीस, तुला अक्षर येत नाही ते नाही पण विचारायचीही बुद्धी नाही, मी कुठल्या तोंडानं लोकांत उभा राहू. सासूबाई शेळ्यांच्या दावणीपाशी भिंतीला टेकून उभ्या होत्या. एकदाच बोलल्या, “कीड लागंल म्हनून लावलं रं.”

मीही त्या दिवशी गप्प होते. तेलाचं बोट लागलं की सरस धरत नाही, हे मी त्याच्याकडूनच ऐकलेलं.

गावाला तर आयतं खाद्य मिळालं. एरंडेल म्हणजे पोट साफ करायचं औषध. सिद्धनाथाच्या जत्रेत लोक त्यांना थांबवून विचारायचे, “म्हातारे, इमानाला जुलाब झालं का गं?” शेंबडी पोरंसुद्धा तेच विचारायची. त्या हसायच्या, मान खाली घालून पुढं जायच्या. घरी आल्यावर मात्र त्यांनी तुरीला तेल लावणं सोडलं. त्या साली तूर भुंग्यानं खाल्ली. मुलगा आला की त्याच्या पिशवीला हात लावायच्या नाहीत, मला म्हणायच्या, तू उचल बाई, माझा हात वंगाळ हाय. स्वतःच्या पोराची पिशवी.

पुढच्या वर्षी तो प्रकल्प सोडून सांगलीत एका कारखान्यात लागला. एका जैन व्यापाऱ्याच्या हळदीच्या वखारीमागं दोन खोल्या मिळाल्या. विमानाचं नाव त्यानं टाकलं होतं, पण फासळ्या म्हसवडहून सोबत आणल्या, आणि मग एक दिवस म्हणाला, जाळून टाक. तेल लावलेल्या फासळ्या बंबात छान पेटल्या. शिवलेला गठ्ठा तेवढा कॉटखाली राहिला.

पावसाळ्यात कृष्णा फुगली, लाकडं भिजली, अंघोळीचं पाणी तापेना. मी तो गठ्ठा ओढला आणि विळीवर सुतळी कापली. आतून वास आला तो न धुतलेल्या दुधाच्या पातेल्याचा. फासळ्यांवर काळी-हिरवी लव आलेली. मी एक उचलली तर चकत्या आपसूक खाली पडल्या. सांध्यात सरसाची चिकट बुळबुळ उरली होती. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. या गठ्ठ्याला सासूबाईंचा हात लागलेला नव्हता. दाभणाचे टाके कोयनेतलेच होते, त्याच्याच हातचे.

बंब तसाच सोडून मी तिथंच फरशीवर बसले. तेलाचा यात काही संबंध नव्हता. सरस म्हसवडला पोचायच्या आधीच, ताडपत्रीत घुसमटून कुजला होता.

तो कामावरनं आला तेव्हा सगळं जोत्यावर मांडून ठेवलं होतं. त्यानं एक तुकडा उचलून वास घेतला, सांधा नखानं खरवडला, शिवणीचे टाके बघितले. मग म्हणाला, “सरस आधीच गेला होता. मी ओलं बांधलं.”

मी म्हटलं, “मग आत्याबाईंना सांगा.”

“सांगतो,” म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. सगळ्यांना सांगितलं. कारखान्यात चहा पिताना सांगितलं की लाकूड कधी ओलं बांधू नये, आधी सावलीत वाळवावं, हवा खेळती ठेवून टांगावं, पेटीत ठेवायचंच तर कळीचा चुना पुरचुंडीत बांधून सोबत ठेवावा आणि ओल पिऊन फुटला की बदलावा. घरमालकाच्या वखारीत ओली पोती आली तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं, वर आपली गोष्ट सांगितली, मी कसा गाढवपणा केला म्हणून हसलाही. घरमालक म्हणाले, चूक मोकळेपणानं कबूल करणारा माणूस विरळा. मी पडद्याआड उभी होते, हातातली कपबशी आपटली तर कपाचा कान तुटला.

सांगलीत मोकळेपणा आणि म्हसवडात दातखीळ. गेलो की पावसापाण्याच्या गोष्टी, शेळीला किती करडं झाली, अमक्याच्या लग्नाचं काय. मी डोळ्यांनी खुणावायची, हा भिंतीकडं बघायचा. परत आल्यावर मी भांडायची. तो म्हणायचा, आता उकरून काय काढायचं, आई विसरलीसुद्धा असेल. विसरली? जी बाई मुलाच्या पिशवीला हात लावत नाही ती विसरली? मी अबोला धरला, ताटं आपटली, माहेरी जाईन म्हटलं. कशाचा काही उपयोग झाला नाही. परक्यांपुढं गाढव व्हायला त्याची हरकत नव्हती. अंगणात जिच्यावर ओरडला तिच्यापुढं मात्र तोंड उघडलं नाही. याला पुरुषाचा स्वाभिमान म्हणतात असं मला एका शहाण्यानं सांगितलं होतं. मी त्याला भित्रेपणा म्हणते.

शेवटी एका उन्हाळ्यात मी कुजक्या फासळीचा तुकडा पिशवीत घालून नेला. दुपारची वेळ होती. तो आत जेवत होता, आम्ही दोघी उंबऱ्याबाहेर ओट्यावर होतो. मध्ये फक्त उघडं दार. मी मुद्दामच मोठ्यानं बोलले. सगळं सांगितलं: न उसवलेला गठ्ठा, ताडपत्री, ओल, सरस. म्हटलं, “आत्याबाई, तुमच्या तेलानं काही झालं नव्हतं. हे आधीच कुजलं होतं.” तुकडा त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो उलटा-पालटा करून बघितला, वास घेतला. आतला चावण्याचा आवाज थांबला होता. त्याही दाराकडं बघत होत्या, मीही.

“कुजल्यालं हाय खरं,” त्या म्हणाल्या. “पर तू माजी समजूत घालतीयास. तसं असतं तर त्यो म्हनला नसता व्हय?”

आम्ही थांबलो. किती थांबलो कोण जाणे. मग आतून त्याचा आवाज आला, “आई, अजून अर्धी भाकरी वाढ.”

आणि त्या उठल्या.