रोविलिनची पडद्यावरची आई

आई गेली तेव्हा रोविलिन पंधरा वर्षांची होती. साधा ताप म्हणून आईने दुखणं अंगावर काढलं आणि आठवड्याच्या आत संपली. तेव्हापासून पोरीचा पाय घरात ठरेना. शाळा सुटली की आमच्या बंदरातल्या कोणाच्याही स्वयंपाकघरात शिरायची. माझ्याकडेही यायची. मासे साफ करून द्यायची, माझे केस विंचरायची, आणि मी जरा मायेने बोलले की तटकन उठून चालती व्हायची.

बाप मासेमारीच्या बोटीवर, सदा समुद्रात. घरी त्याची विधवा बहीण, डेल्या. सुकट वाळवून विकणारी, तोंडाची फटकळ. रोविलिन तिला ‘तिया’ म्हणायची. आमच्याकडे आत्या-मावशी सगळ्या तियाच.

“गावभर आया शोधत हिंडतेस,” डेल्या चारचौघांत म्हणायची, “घरचा भात काय कडू लागतो?”

त्या वर्षी मनिलाहून सिनेमावाले आले. आईला शोधत फिरणाऱ्या मुलीची गोष्ट होती, आणि त्यांना मुलगी इथलीच हवी होती. कोणीतरी रोविलिनकडे बोट दाखवलं. आईच्या कामाला लिगाया नावाची नटी होती. शेवटी आई भेटते, त्या प्रसंगात लिगायाने हिला पोटाशी धरलं. दिग्दर्शक ‘कट’ म्हणून ओरडला, दिवे विझले, तरी ही मिठी सोडेना. लोक हसायला लागले. लिगाया तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “झालं हं बाळा, झालं.”

ते ‘बाळा’ पोरीच्या मनात रुतून बसलं. सिनेमावाले गेले आणि थोड्याच दिवसांत, मिळालेले पेसो घेऊन, कोणाला न सांगता ती मनिलाच्या जहाजात चढली. लिगायाचा पत्ता तिने मेकअपवालीकडून आधीच काढून घेतला होता.

“अगं, तू? एकटी आलीस?” लिगाया दारातच थबकली. तिने तिला आत घेतलं, जेवायला वाढलं. समोर लिगायाची स्वतःची मुलगी बसली होती. तिला ओरडता ओरडता लिगायाने तिच्या केसांवरून हात फिरवला. अगदी तसाच. रोविलिनचा घास तोंडातच राहिला.

“तेव्हा मला बाळा म्हणालात, ते खोटं होतं?”

“तेव्हा खरं होतं गं,” लिगाया म्हणाली. “ पण आज तुझी आई होते म्हटलं, तर ते खोटं होईल.” आणि तिने गावी फोन लावला.

न्यायला आली डेल्या. नवरा बुडाल्यापासून जिने होडीत पाऊल टाकलं नव्हतं, ती जहाजाने आली. आता मार बसणार म्हणून रोविलिन भिंतीला चिकटली. डेल्याने लिगायाच्या हातात सुकटीचं पुडकं ठेवलं. घरभर वास सुटला. “पोरीला जेवू घातलंत,” ती म्हणाली, आणि पोरीचं मनगट धरून निघाली.

परतताना जहाजावर डेल्या वाटभर ओकत होती. रोविलिन तिचं डोकं धरून, पाठ चोळत बसली.

“एवढी घाबरतेस तर आलीस कशाला, तिया?”

“तुझा बाप समुद्रावर. मग कोण येणार होतं?” डेल्याने तोंड पुसलं. “मी काही तुझी आई नाही. मला गोड बोलता येत नाही. पण तू सापडेनास तेव्हा बाजारात एकेकीला विचारत फिरले, वेड्यासारखी.”

आईला पुरताना जी रडली नव्हती, ती रोविलिन तिथे हंबरडा फोडून रडली. लोक वळून बघायला लागले.

“हळू गं,” डेल्या म्हणाली, “लोकांना वाटेल मीच मेले.”

रोविलिन आता इलोइलो शहरात बेकरीत काम करते. अजूनही एका जागी टिकत नाही. खोल्या बदलते, नोकऱ्या बदलते. मृतांच्या दिवशी, सगळे आपापल्या माणसांच्या थडग्यांवर फुलं ठेवतात तेव्हा, मात्र गावी येते. यंदा ती आणि डेल्या आईच्या थडग्यापाशी भांडताना मला ऐकू आल्या.

“पिवळी फुलं कशाला आणलीस? तिला आवडत नसत.”

“तुला काय माहीत?”

“शेजारी बसून मासे चिरलेत आम्ही!”

रोविलिन गवतावर बसकण मारून म्हणाली, “तिया, तिला आणखी काय काय आवडायचं नाही?”